ज्याची नोंद, त्याचा शब्द

आपल्या ख्रिस्ती समाजात अलीकडे 'सर्वेक्षण' या शब्दाला मोठा मान आला आहे. धर्मग्रामाचा महोत्सव जवळ आला, की छापील प्रश्नावली घरोघर जाते. कुटुंबात माणसे किती, शिकलेली किती, नोकरीला किती, रविवारच्या मिस्सेला नियमित येणारी किती, याच्या चौकटी भरून घेतल्या जातात. टक्केवारी निघते, स्मरणिकेत छापली जाते, आणि पुढच्या महोत्सवापर्यंत तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. याच्या उलट दुसरा एक पक्ष आहे. त्याला आकड्यांचा तिटकारा आहे. माणसाचे मन तक्त्यात मावत नाही, समाज समजून घ्यायचा तर समाजात मिसळावे, चार माणसांचे सुखदुःख ऐकावे, असे तो म्हणतो. आणि एवढे म्हणून मोजणीच्या कटकटीतून मोकळा होतो. या दोन्ही पक्षांशी आमचे भांडण आहे. पहिल्याला मोजणे म्हणजेच जाणणे वाटते, दुसऱ्याला जवळ बसणे म्हणजेच ओळखणे वाटते. समाजशास्त्राच्या कोणत्याही पद्धतीचे बळ आणि वैगुण्य ज्यावरून ठरते, तो प्रश्न मात्र दोघेही विचारीत नाहीत. ज्याच्याविषयी लिहिले, त्याला ते वाचता येते काय? आणि वाचून 'हे खोटे आहे' असे म्हणता येते काय?

हा वाद विद्यापीठाच्या चार भिंतींतला आहे असे कोणी समजू नये. जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला, आणि देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ हा त्या जनगणनेचा संदर्भदिन ठरला. १९३१ नंतर सर्व जातींचे आकडे जनगणनेतून प्रसिद्ध झालेले नाहीत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या १०,८०,०७३ होती. म्हणजे शंभरात पुरता एकही नाही. एवढ्या लहान समाजाच्या घरांतही धर्म काय सांगावा, जातीच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, याची चर्चा होणार आहे. अशा वेळी नोंद म्हणजे काय, ती कशी खरी होते आणि कशी खोटी पडते, हे प्रत्येक कुटुंबप्रमुखाने आणि गृहिणीने समजून घेणे अगत्याचे आहे. त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. सोलापूर शहर पुरेसे आहे.

सोलापूरकरांना 'सेटलमेंट' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव त्या शहरात अजून आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू होऊ शकला. पारधी, कैकाडी, टकारी, मांग-गारुडी, कंजारभाट अशा अनेक समाजांवर 'जन्मतः गुन्हेगार' असा शिक्का बसला. ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली विजापूर, सोलापूर आदी ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. सोलापुरात कापडाच्या गिरण्या होत्या, गिरण्यांना हात हवे होते; म्हणून कुंपणातली माणसे गिरणीत कामाला जात आणि कामावरून पुन्हा कुंपणात येत.

आता संशोधनाच्या दृष्टीने या वसाहतीकडे पाहा. तिथे नमुना निवडण्याचा प्रश्नच नव्हता. एकूण एक माणसाची नोंद होती. कोणाच्या आठवणीवर विसंबण्याचेही कारण नव्हते, कारण हजेरी नियमित होती. अंगठ्याचे ठसे होते, बाहेर जाण्याचे परवाने होते, वर्षानुवर्षे जवळून केलेले निरीक्षण होते. पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांचे मुंबई इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवरचे जाडजूड पुस्तक १९०८ सालीच निघाले होते. कोणती जमात कोणता वेष घेते, कोणती खूण वापरते, याचा बारकाईने तपशील त्यात होता. पूर्णता, नियमितता, दीर्घ सहवास हे सारे गुण पाठ्यपुस्तकात चांगल्या संशोधनाचे म्हणून शिकवले जातात, आणि ते येथे एकत्र नांदत होते. तरीही या साऱ्या ज्ञानाचा पाया असलेले विधान, म्हणजे हे लोक रक्तानेच चोर आहेत हे विधान, धडधडीत असत्य होते.

एवढी मोठी चूक एवढी वर्षे टिकली कशी? तिला उत्तर देण्याची वाटच बुजवून टाकली होती म्हणून. एखादी जमात गुन्हेगार असल्याची अधिसूचना निघाली, की तिच्या वैधतेविषयी कोणत्याही न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येणार नाही, असे कलमच १८७१ च्या कायद्यात होते आणि पुढच्या कायद्यांतही ते राहिले. मुलांना आईबापांपासून वेगळे काढण्याची मुभाही सरकारला होती. ज्याची नोंद, त्याचा शब्द त्या नोंदवहीत कोठेच नव्हता. शिवाय कुंपणात माणूस कसा वागतो हे पाहून तो मूळचा कसा आहे हे कळत नाही. हजेरीला उभा राहिलेला माणूस हजेरीपुरता वागतो. त्याचे गप्प राहणे हे लबाडीचे लक्षण ठरते आणि त्याचे बोलणे हे लबाडीचा पुरावा ठरतो. अशा ठिकाणी निरीक्षकाला दुसरे काही दिसतच नाही, कारण दुसरे काही दिसू शकेल अशी जागाच त्याने शिल्लक ठेवलेली नसते.

येथे कोणी म्हणेल, की हा परक्या सरकारचा दुष्टपणा होता, संशोधनपद्धतीचा त्यात काय दोष? आम्हांला हे पटत नाही. हेच स्टार्ट १९२८ साली नेमलेल्या मुंबई सरकारच्या एका समितीचे अध्यक्ष होते; अस्पृश्य आणि आदिवासी जमातींच्या स्थितीचा विचार करणाऱ्या त्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा हे सदस्य होते, आणि तिच्या अहवालाला मागासवर्गीयांच्या इतिहासात स्थान आहे. वसाहतीत शाळा काढणारे, काम मिळवून देणारे अधिकारी सगळेच निर्दय नव्हते. आणि आपण ख्रिस्ती लोकांनी तर या बाबतीत हात झटकून मोकळे होऊच नये. सोलापूरच्या वसाहतीचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनने पाहिला. उत्तरेत १९०८ पासून मुक्तिफौजेने अशा वसाहती चालवल्या. त्या मिशनऱ्यांच्या मनात करुणा होती, याविषयी आम्हांला शंका नाही. पण करुणेने पाहणाऱ्याचीही नोंद चुकते, जर ती वाचून दाखवली जात नसेल तर. सद्हेतू हा पद्धतीला पर्याय होऊ शकत नाही. 'मिसळा आणि ऐका' म्हणणाऱ्या आमच्या मित्रांनी हे विसरू नये, की सेटलमेंटमध्येही वर्षानुवर्षे मिसळणे झाले होते. ऐकणे तेवढे झाले नव्हते.

म्हणून आकडे टाकून द्यावेत काय? मुळीच नाही. आकड्यांचे बळही याच शहरात दिसते. १९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची चौकशी केली. पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने शहराच्या सामाजिक-आर्थिक जीवनाचा अभ्यास हाती घेतला आणि धनंजयराव गाडगीळ यांचा सोलापूर शहरावरील ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. कामगार आळशी आहे, व्यसनी आहे, पगार उधळतो, अशी विधाने दिवाणखान्यात बसून करता येतात. घरातला रुपया धान्याला किती जातो, भाड्याला किती, सावकाराला किती, हे शेकडो घरांत एकच प्रश्न सारख्या रीतीने विचारल्यावाचून कळत नाही. एका घराची हकिगत ऐकून डोळे पाणावतात. पण ती हकिगत एकट्या घराची की साऱ्या चाळीची, हे मोजणीच सांगते. दुबळ्या माणसाच्या बाजूने उभा राहणारा चांगला आकडा हा शंभर भाषणांना भारी असतो.

मात्र आकडा चांगला होण्यासाठी काही अटी पाळाव्या लागतात. शितावरून भाताची परीक्षा होते, असे आपण म्हणतो. नमुना पाहणीचे सारे तत्त्व या एका म्हणीत आले आहे. पण भात एकाच भांड्यातला असेल आणि नीट ढवळलेला असेल, तरच ही म्हण खरी ठरते. सोलापूरच्या चुलीवर चार भांडी आहेत. येथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा शेजारी शेजारी बोलल्या जातात. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू बोलणाऱ्या हजारो स्त्रिया विड्या वळतात. पाने, तंबाखू आणि दोरा घरी आणायचा, विड्या वळून मोजून परत द्यायच्या, असा तो व्यवसाय. कारखान्याच्या हजेरीपटावरून या कामाचा अंदाज बांधू गेले तर काय हाती लागेल? आणि एखादा मराठी विद्यार्थी छापील प्रश्नावली घेऊन दारात उभा राहिला आणि 'तुम्ही काम करता का?' असे त्याने विचारले, तर 'नाही, घरीच असते' असे उत्तर येणे अगदी स्वाभाविक आहे. त्या बाईने खोटे सांगितलेले नसते. दिवसभर वळलेल्या विड्यांना 'काम' म्हणण्याचे कोणी तिला शिकवलेले नसते. तक्त्यात मात्र ती 'काम न करणारी' म्हणून जाते आणि तिच्या पाठदुखीला, खोकल्याला, मजुरीला कोठेच रकाना उरत नाही. दुरून प्रश्नावली पाठवून समाज समजून घेण्याचा हा प्रकार म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय.

सरकारी आकडे तरी निर्दोष असतात काय? समाजशास्त्राचा एक आद्य ग्रंथच याचे उत्तर देतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ साली आत्महत्येवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. युरोपातील देशोदेशींचे सरकारी आकडे घेऊन त्यांनी दाखवले, की कॅथलिक लोकांत आत्महत्येचे प्रमाण प्रॉटेस्टंटांपेक्षा कमी आहे. आणि समाजाची घट्ट वीण माणसाला तारते, असा त्यांनी निष्कर्ष काढला. कॅथलिक वाचकाला हे वाचून समाधान वाटणे साहजिक आहे. पण पुढच्या टीकाकारांनी एक अवघड प्रश्न विचारला. ज्या समाजात आत्महत्या हे महापाप मानले जाते, जेथे अशा मृताला धार्मिक विधीने मूठमाती नाकारली जाण्याची भीती असते, तेथे घरची माणसे मृत्यूचे कारण काय सांगतील? 'पाय घसरून विहिरीत पडला' असेच ना? १९१७ च्या धर्मसंहितेत असा नकार होता. १९८३ च्या संहितेतून तो गेला. मधल्या पिढ्यांतल्या किती मातांनी, किती पत्नींनी खरे कारण पोटात ठेवले असेल, याचा हिशेब कोणत्या सरकारी खात्यापाशी आहे? दुर्खीम यांचा सिद्धान्त यामुळे सर्वस्वी खोटा ठरत नाही. पण सरकारी आकडा हा केवळ घटनेचा आकडा नसतो. घटना सांगण्याचे धाडस किती जणांना झाले, तेही त्यात मिसळलेले असते. एवढा धडा त्यातून घेतला पाहिजे.

मग ज्याचे त्याने लिहावे हा मार्ग उरतो. तो मार्ग मराठीने समर्थपणे चोखाळला. कैकाडी समाजात जन्मलेल्या लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली. केनेडी यांच्या पुस्तकात जी माणसे केवळ वर्णनाचा विषय होती, त्यांतलीच माणसे आता स्वतः लेखणी घेऊन बसली. पोलीस घरात शिरतो तेव्हा घरातल्या लेकराला काय वाटते, हे कोणत्याही अधिकाऱ्याच्या टिपणात सापडले नसते. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि अभ्यासकांनाही ती टाळता आली नाहीत. तरी या पद्धतीचीही मर्यादा सांगितली पाहिजे. आत्मकथन लिहितो तो बहुधा शिकलेला असतो, आणि बहुधा पुरुष असतो. त्याची आई, त्याची बहीण, शाळेची पायरी न चढलेला त्याचा भाऊ यांची बाजू त्याच्या तोंडून येते. एकाचा शब्द सर्वांचा मानला, की ज्यांचा शब्द अजून उमटलेलाच नाही ते पुन्हा झाकले जातात.

आणि आता या कथेतील सर्वांत विलक्षण वळण पाहा. मुंबई राज्याने १९४९ साली हा कायदा रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून गेला. कुंपण गेले, हजेरी गेली, आणि त्याबरोबर मोजणीही गेली. सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली भटक्या-विमुक्तांविषयीचा अहवाल दिला, तेव्हा या समाजांची विश्वासार्ह गणनाच उपलब्ध नाही, ही त्याच्यापुढची मोठी अडचण होती. कोट्यवधी माणसांविषयी अंदाजाने बोलावे लागले. बंदीत असताना ज्यांना रोज मोजले, त्यांना मुक्त झाल्यावर कोणी मोजलेच नाही! पहारा ठेवायचा होता तेव्हा आकडे हवे होते. शाळा, घर, शिधापत्रिका द्यायची वेळ आली तेव्हा ते नकोसे झाले. मोजणे चांगले की वाईट, या वादाचा निकाल येथेच लागतो. माणसाला धाकात ठेवण्यासाठी केलेली मोजणी आणि त्याचा हक्क त्याला देण्यासाठी केलेली मोजणी कागदावर सारखीच दिसते. फरक एवढाच, की दुसऱ्या मोजणीत माणूस स्वतः येऊन विचारू शकतो: माझे नाव कोठे आहे?

हे सारे भटक्या-विमुक्तांपुरते असते, तर या अंकात आम्ही त्याचा एवढा विस्तार केला नसता. आपल्या समाजाची अवस्था फारशी निराळी नाही. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूंखेरीज अन्य धर्मीयांना अनुसूचित जातीत स्थान नाकारले. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना ते मिळाले. ख्रिस्ती दलितांना मिळालेले नाही. त्यामुळे जनगणनेत ख्रिस्ती म्हणून नाव लावणाऱ्याची अनुसूचित जात नोंदवलीच जात नाही. जनगणनेच्या तक्त्याप्रमाणे या देशात अनुसूचित जातीचा एकही ख्रिस्ती नाही. पण राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००४-०५ च्या ६१ व्या फेरीत घरोघर जाऊन विचारले तेव्हा काय झाले? न्या. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात ते आकडे आहेत. ख्रिस्ती लोकांपैकी सुमारे ९ टक्के लोकांनी आपण अनुसूचित जातीचे आहोत असे सांगितले होते. एकाच सरकारच्या दोन मोजण्या. एकीत शून्य, दुसरीत शंभरात नऊ. शून्य कोणी मोजून काढलेले नाही. प्रश्न विचारण्यापूर्वीच नियमाने ते लिहून ठेवले होते. आणि नऊ हा आकडाही पुरता मानता येत नाही. नोकरीच्या, शाळेच्या कागदावर एक धर्म आणि देवळात दुसरा, अशा कात्रीत जगणारी जी कुटुंबे आहेत, त्यांनी दारात आलेल्या अनोळखी माणसाला काय सांगितले असेल, हे कोण जाणे. अशा कुटुंबांना भित्रे किंवा दुटप्पी म्हणणाऱ्यांची आम्हांला चीड येते. लपण्याची पाळी कायद्याने आणली आणि बोल मात्र लपणाऱ्याला!

सतीश देशपांडे यांनी राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगासाठी २००८ साली एक अहवाल तयार केला. दलित मुस्लिम आणि दलित ख्रिस्ती यांच्याविषयी जे आकडे उपलब्ध होते ते, आणि गावोगावच्या अभ्यासांतून पुढे आलेले अनुभव, असे दोन्ही पुरावे त्यांनी शेजारी ठेवून तपासले. पद्धतींचे भांडण मिटवण्याची हीच खरी रीत आहे. आकडा जेथे अडखळतो तेथे अनुभवाला विचारावे, आणि अनुभव जेथे एकट्याचा वाटतो तेथे आकड्याची साक्ष काढावी. न्या. बाळकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने पुन्हा एक आयोग नेमला. आयोगापुढे शेवटी जाते ते लिहिलेले असते. न लिहिलेली वेदना कितीही खरी असली, तरी ती दाराबाहेरच उभी राहते.

मग आपल्या घरात काय स्थिती आहे? आपल्या धर्मग्रामांच्या नोंदवह्या हा अमूल्य ठेवा आहे. स्नानसंस्कार, विवाह, मृत्यू यांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या नोंदी तेथे आहेत. पण त्या संस्काराच्या नोंदी आहेत, समाजाच्या नाहीत. त्यांत जात लिहिलेली नसते, आणि यावरून आपल्याकडे जातच नाही असा सोयीस्कर निष्कर्ष अनेक जण काढतात. भारतातील कॅथलिक महागुरूंच्या परिषदेने २०१६ साली दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेतही भेदभाव आहे हे मान्य केले. नोंदवही ज्यावर मौन पाळत होती, ते शेवटी माणसांच्या तोंडून बाहेर आले. फ्रान्समध्ये गाब्रिएल ल ब्रा यांनी १९३१ साली धर्माचरणाच्या पद्धतशीर मोजणीची हाक दिली आणि १९४७ साली धर्मगुरू फेर्नां बुलार यांनी ग्रामीण फ्रान्सचा धर्माचरणाचा नकाशा प्रसिद्ध केला. मिस्सेला कोण येते आणि कोण येत नाही, हे त्यामुळे प्रथमच स्पष्ट झाले. ते काम मोठेच होते. पण मिस्सेला न येणारा का येत नाही, हे त्या नकाशावर दिसू शकत नव्हते. आपल्या स्मरणिकांतली टक्केवारी याच ठिकाणी थांबते. 'नियमित येत नाहीत' या रकान्यातल्या एकाही माणसाच्या घरी जाऊन कोणी विचारीत नाही, की बाबा रे, तुझे काय म्हणणे आहे?

आमच्या कसोटीवर एक रास्त आक्षेप येईल, आणि त्याचे उत्तर दिलेच पाहिजे. ज्याच्याविषयी लिहिले त्याला बोलू द्यायचे म्हटले, तर बलवान माणूस आपल्याविषयीचे सत्य दडपून टाकील, असा तो आक्षेप. हे खरोखर घडले आहे, आणि आपल्याच ख्रिस्तसभेत घडले आहे. जोसेफ फिक्टर हे येशूसंघीय धर्मगुरू अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. एका धर्मग्रामाचा कसून अभ्यास करून त्यांनी चार खंड योजले. पहिला खंड १९५१ साली निघाला आणि तेथील प्रमुख धर्मगुरूंच्या विरोधामुळे उरलेले खंड निघूच शकले नाहीत. तेव्हा आमचे म्हणणे नेमके समजून घ्यावे. उत्तर देण्याचा हक्क म्हणजे तोंड बंद करण्याचा हक्क नव्हे. त्या धर्मगुरूंनी आपले उत्तर लिहावयास हवे होते, ते ग्रंथाच्या शेवटी छापता आले असते, आणि वाचकांनी दोन्ही तोलले असते. सेटलमेंटमध्ये नोंद बोलत होती आणि माणूस मुका होता. न्यू ऑर्लिन्समध्ये अधिकारी बोलला आणि नोंद मुकी झाली. दोन्हीकडे हरले ते सत्यच.

म्हणून आपल्या धर्मग्रामांत यापुढे जी पाहणी होईल तिच्याकडून आम्ही चार गोष्टींची अपेक्षा करतो. पहिली, प्रश्न ठरवण्याच्या बैठकीला ज्यांना ते विचारायचे आहेत त्यांतली माणसे असावीत, आणि प्रश्न घरातल्या भाषेत असावेत. सोलापुरात ती भाषा तेलुगू किंवा कन्नड असू शकते. दुसरी, मोजणी आणि बैठक मारून ऐकणे या दोन्ही गोष्टी कराव्यात; एकीची उणीव दुसरीने भरून काढावी. तिसरी, नावे आणि उत्तरे वेगवेगळी ठेवावीत, आणि उत्तर न देण्याचा हक्क पहिल्याच वाक्यात सांगावा. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, निष्कर्ष छापण्यापूर्वी ते लोकांपुढे वाचावेत आणि ज्यांना ते अमान्य असतील त्यांचे म्हणणे सोबत छापावे. २०२१ ते २०२४ या काळात सिनडच्या निमित्ताने जगभरच्या धर्मग्रामांत लोकांचे ऐकण्याचा प्रयत्न झाला, तो स्तुत्य होता. पण सभेला येतो तो आधीच आपला असतो. जो येत नाही त्याच्याकडे जावे लागते. नव्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाला हे सांगावे लागले नव्हते. मेषपालकाच्या त्या रूपकात प्रभूने आणखीही एक गोष्ट सांगितली आहे. मेंढपाळ मेंढरांना ओळखतो, तशी मेंढरेही त्याला ओळखतात. ओळख दोन्ही बाजूंनी असावी लागते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली मेषपालकीय कार्यात मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांचा उपयोग करण्यास सांगितले, तेव्हा शास्त्राने माणसाची जागा घ्यावी असा त्याचा अर्थ नव्हता.

राहता राहिली जनगणना. प्रगणक दारात येईल तेव्हा कोणी कोणाला पढवू नये; ना धर्मगुरूंनी, ना पुढाऱ्यांनी, ना आम्ही. ज्याला जे खरे वाटते ते त्याने सांगावे, एवढेच आमचे म्हणणे. पण लिहिले गेलेले काय आहे, ते विचारून घ्यावे. आपला धर्म नीट लिहिला गेला काय, जातीच्या रकान्यात आपण सांगितले तेच उतरले काय, घरातल्या विड्या वळणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या आईचे काम 'काम' म्हणून नोंदले गेले काय, हे पाहावे. आणि चुकले असेल तर तेथल्या तेथे, न घाबरता, दुरुस्त करून मागावे. सोलापूरच्या कुंपणातल्या माणसाला हे करता येत नव्हते. आपल्याला येते. तो हक्क वापरला नाही, तर आपल्याविषयी पुढे जे काही लिहिले जाईल त्याची तक्रार करायला आपल्याला तोंड उरणार नाही.